वजनाची बदली

आमच्या घराण्यात बदलीचा योग नाही. आजोबा ज्या कचेरीत उमेदवार म्हणून चिकटले, तिथूनच पेन्शनीत निघाले. वडिलांनी सांगलीतल्या एका शाळेत एकाच फळ्यावर तेहतीस वर्षं खडू झिजवला. आणि मी गेली बावीस वर्षं बँकेच्या एकाच शाखेत बसून आहे. या काळात शाखेतले पंखे दोनदा बदलले, संगणक चारदा बदलले, मॅनेजर किती बदलले याचा हिशेब तर मीही ठेवलेला नाही. बदलला नाही तो फक्त खिडकी क्रमांक तीनच्या मागचा मी. नवे साहेब चार्ज घेतात तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या, रबरी शिक्के आणि मी असे तीन जिन्नस त्यांच्या ताब्यात येतात, अशी माझी समजूत आहे.

‘वजन’ या शब्दाशीही माझा संबंध बेताचाच. साहेबांकडे माझं वजन नाही. कागदावर वजन ठेवण्याची माझ्या टेबलावर पद्धत नाही. उरलं शरीराचं वजन. ते अठ्ठ्याहत्तर किलो आहे आणि गेली बावीस वर्षं खुर्चीत आहे. अशा माणसाला सातासमुद्रापलीकडे, न्यू जर्सीमधल्या एका मैदानावर सव्वासहा फूट उंचीच्या अनोळखी गृहस्थानं गाठून सांगावं की, तुमची सगळी भानगड ‘वेट ट्रान्सफर’मध्ये आहे, यापरता योगायोग कुठला? बँकेतल्या माणसाला ‘ट्रान्सफर’ हा शब्द परदेशात ऐकू आला तरी पोटात गोळा येतोच. मी तर निघायच्या आदल्या दिवशीच एक सर्क्युलर घडी करून ड्रॉवरच्या तळाशी घालून आलो होतो. विषय: कारकुनांतून अधिकारीपदावर बढती. अर्जाची शेवटची तारीख १० जून. बढती म्हणजे बदली, हे बँकेत कुणाला सांगावं लागत नाही. यापूर्वी दोनदा मी बढतीला नकार दिलेला आहे. पहिल्यांदा आईचे गुडघे होते, दुसऱ्यांदा मुलीची दहावी होती. दोन्ही कारणं खरी होती. खऱ्या कारणांचा हाच तर फायदा असतो, त्यांच्यामागे मनुष्य बिनबोभाट लपू शकतो.

तर त्याचं असं झालं. भाच्यानं मामाच्या गावाला जायचं हा आपल्याकडचा रिवाज. पण माझी ताई अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन एडिसनला गेली, आणि तिनं यंदा तिकीटच पाठवल्यामुळे मामाच भाच्याच्या गावाला गेला. मुलीची सीईटी असल्यानं सौ. आली नाही. “तुम्ही जाऊन या, नाही तर जन्मात कुठं हलायचे नाहीत,” एवढाच तिचा आशीर्वाद होता.

भाचा चिनू दहा वर्षांचा. आपल्याकडे जशी मुलं तबल्याच्या क्लासला घालतात तसा त्याला बेसबॉलला घातलेला. एप्रिलमध्ये एका सामन्यात चेंडू त्याच्या बरगडीवर बसला. बरगडीला काही झालं नाही. चारच दिवसांत ती बरी झाली. पण त्या दिवसापासून त्याच्या डाव्या पायानं स्वतंत्र कारभार सुरू केला. चेंडू सुटला की चिनूचं डोकं म्हणायचं ‘मार’, हात म्हणायचे ‘मारतो’, आणि डावा पाय आधीच तिसऱ्या बेसच्या दिशेनं घरी निघालेला असायचा. गल्लीत आम्ही याला ‘लेगला पळणं’ म्हणत होतो. अमेरिकेत याला म्हणतात ‘बादलीत पाय घालणं’. या दोषाचा तिथे एक थोर पुरुषही होऊन गेला आहे. ॲल सिमन्स हा फलंदाज असा बादलीत पाय टाकूनच खेळायचा. लोकांनी त्याचं नावच ‘बकेटफूट ॲल’ ठेवलं होतं. त्याची कारकिर्दीची सरासरी मात्र .३३४! पण त्याचा फक्त पाय पळत होता. छाती, खांदे आणि हात चेंडूकडेच राहत होते. आमच्या चिनूचं अख्खं बिऱ्हाडच पायामागून जात होतं. सहा सामन्यांत त्याच्या बॅटीला चेंडू लागला नव्हता.

“तुझा मामा क्रिकेट खेळलाय रे,” ताईनं मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, आणि मैदानावर नेऊन कोचलाही सांगितलं. मी क्रिकेट खेळलो होतो हे खोटं नाही. २०११ साली बँकेच्या आंतरशाखा स्पर्धेत मी अकराव्या क्रमांकावर जाऊन नाबाद राहिलो होतो. किती धावांवर, ते ताईनं विचारलं नाही नि मीही सांगितलं नाही.

कोच हे दिवसा विम्याच्या कचेरीत काम करणारे, एका मुलाचे वडील. त्यांनी माझ्या हातात बॅट दिली. क्रिकेटच्या बॅटीला पुढची बाजू असते, पाठ असते, म्हणजे तिला एक चेहरा असतो. ही बॅट मुसळासारखी गोल. जाडीत जाड ठिकाणी ती २.६१ इंचांपेक्षा जाड चालत नाही, आणि चेंडूचा घेर नऊ ते सव्वानऊ इंच. म्हणजे चेंडू बॅटीपेक्षा किंचित जाडच. एका गोल वस्तूनं दुसऱ्या गोल वस्तूला नेमकं मधोमध गाठायचं.

कोचनी हळूच चेंडू टाकला. बावीस वर्षांचा संस्कार जागा झाला. मी डावा पाय पुढे टाकला, कोपर उंच धरलं, मान खाली घातली आणि अत्यंत शास्त्रशुद्ध बचाव केला. चेंडू माझ्या पायाशी मरून पडला. मी कौतुकासाठी वर पाहिलं.

“हे काय होतं?” कोचनी विचारलं.

“डिफेन्स,” मी म्हणालो.

ते बराच वेळ विचारात पडले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, की आमच्याकडे चेंडू असा अडवून उभं राहता येत नाही. चेंडू बॅटीला लागून मैदानात पडला, की पळावंच लागतं.

मला एकदम घाम फुटला. ज्या खेळात नुसतं टिकून राहणं हा गुणच धरत नाहीत, त्या खेळात मला कुणी आणून उभं केलं? दुसऱ्या चेंडूला मी चिडून मुसळ फिरवलं. चेंडू निघून गेला, मुसळ गरकन फिरलं, आणि मी मागच्या मागे हिरवळीवर बसलो. बसण्याची मला सवयच आहे. फक्त खुर्ची नव्हती.

तेव्हा कोचनी ते वाक्य उच्चारलं. “तुमचं सगळं वजन मागच्या पायावरच राहिलं. ते पुढच्या पायावर ट्रान्सफर व्हायला पाहिजे.” आणि मग माझा उजवा पाय दाखवून ओरडले, “झुरळ चिरडा!” मी दचकून दोन्ही पाय उचलले. नंतर कळलं, की झुरळ वगैरे काही नव्हतं. तिकडच्या मुलांना पूर्वापार असंच शिकवतात, की मागच्या पायाच्या चवड्याखाली किडा आहे समजून पाय गरकन फिरवा, म्हणजे कंबर फिरते. (हल्लीचे जाणते लोक म्हणतात, की हे फार घोकू नका, वजन खरोखर पुढं गेलं तर मागचा पाय आपोआपच हलका होतो, कित्येकांचा तर जमिनीवरून उचललाही जातो.) पण चौथ्या यत्तेतल्या पोराला ‘वजन’ समजत नाही, झुरळ समजतं. मलाही तेच समजलं.

माझ्या बी.कॉम.चा उपयोग व्हायला इतकी वर्षं जावी लागली. त्या रात्री मी ताईच्या जेवणाच्या टेबलावर या व्यवहाराची रीतसर नोंद मांडली. मागचा पाय हा देणारा, पुढचा पाय हा घेणारा. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याचे जमा करा. अठ्ठ्याहत्तर किलोची एंट्री आहे आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. इथवर सोपं होतं. पण गावच्या वाचनालयातून दोन जाड पुस्तकं आणून वाचली, तेव्हा कळलं की या एंट्रीवरून अमेरिकेत चांगले दोन पंथ आहेत. टेड विल्यम्स हा त्यांचा फार मोठा फलंदाज. त्याचं म्हणणं, पाऊल आखूड टाका, डोकं जागेवर ठेवा, खरी ताकद कंबरेच्या फिरण्यात आहे. कंबर आधी, हात मागून. दुसरा चार्ली लाऊ. याचं म्हणणं, आधी वजन मागच्या पायावर भरा आणि तिथून ते पुढच्या पायावर न्या. वजन हललं नाही तर फटका कसला? लाऊची स्वतःची कारकिर्दीची सरासरी अवघी .२५५. आमच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या व्याख्यात्यांची मला आठवण झाली. पण त्याचा शिष्य जॉर्ज ब्रेट यानं १९८० साली .३९० ची सरासरी गाठली, तेव्हा गुरूला नावं ठेवायची सोय राहिली नाही.

मी दोन्ही पुस्तकं वाचली आणि क्लार्कच्या चिकाटीनं ताळा करून पाहिला. माझ्या मते फरक दोन-चार रुपयांचाच आहे. क्रम दोघांकडे बराचसा एकच. पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, हात मागे नेतो तेव्हा फलंदाजानं वजन किंचित मागच्या पायावर घ्यायचं. मग पुढचा पाय उचलून हलकेच पुढं टेकायचा. घरात बाळ झोपलेलं असताना टाकतात, तसा. या वेळी हात पुढे येता कामा नयेत, ते मागेच राहायचे. टाच टेकली, की पुढचा पाय ताठ होतो. पुढं सरकणारं शरीर त्या ताठ पायावर अडतं, आणि अडलं की फिरतं. आधी कंबर, मग छाती, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी बॅट. आपली एस.टी. वेगात असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला, की आधी गाडी थांबते, मग उभे प्रवासी पुढे जातात, आणि वरच्या फळीवरची ट्रंक सर्वांत जोरात येते. पुढचा पाय म्हणजे ब्रेक. बॅट म्हणजे ती ट्रंक. त्या क्षणी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाहूनही जास्त दाब येतो.

एवढ्या सगळ्या कारभाराला वेळ किती? मोठ्यांच्या सामन्यात पिचर साडेसाठ फुटांवर उभा असतो. त्याचा ताशी नव्वद मैलांचा चेंडू सुमारे चार दशांश सेकंदात येऊन पोचतो. पापणी मिटून उघडेपर्यंत कारभार आटोपला. चिनूसारख्या पोरांचं अंतर ४६ फूट. तिथे चेंडू हळू, पण जवळून. आता क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेतो. टप्पा पाहून पुढं यायचं की मागं जायचं, हे आपण ठरवतो. आधी चौकशी, मग पाऊल, बँकेच्या कर्जवाटपासारखं. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. तिथे चेंडू पिचरच्या हातातून सुटतो न सुटतो तोवर पाऊल उचललेलं असावं लागतं, आणि चेंडू वाटेत असतानाच ते टेकावं लागतं. चेंडू कुठला, कसला, वेगाचा की फसवा, हे पुरतं कळायच्या आत पाय पुढं!

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. म्हटलं, हा खेळ आपल्या घराण्याचा नव्हे.

पण पोराचं काय करणार? भावोजींचे संध्याकाळी कचेरीचे फोन चालू असतात, त्यामुळे परसातल्या हिरवळीवर चिनूला चेंडू टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी स्पंजचे चेंडू टाकत होतो. स्पंजलाही त्याचा डावा पाय तिसऱ्या बेसकडे पळत होता. मी त्याला जपानच्या सादाहारू ओ याची गोष्ट सांगितली. तो तर चेंडू येताना पुढचा पाय उचलून बगळ्यासारखा एका पायावर उभा राहायचा. त्याचे गुरू आराकावा यांनी त्याच्याकडून तलवारीनं टांगलेला कागद कापायचा सराव करून घेतला होता, आणि त्यानं कारकिर्दीत ८६८ होमरन मारले. चिनूनं लगेच पाय उचलून बगळा केला. चेंडू सुटल्यावर बगळा तिसऱ्या बेसकडे उडाला.

“मामा, आय कान्ट हेल्प इट,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “पाय आपोआप जातो.”

या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. मला तो पाय ओळखीचा होता.

मुलांचा पाय पळू नये म्हणून मागे फळी आडवी ठेवतात, असं कोच म्हणाले होते. ताईच्या घरी फळी सापडेना. तेव्हा मला एक युक्ती सुचली. ताईनं अमेरिकेत राहूनही पोराला एक शिकवण आपल्याकडची दिली आहे, पुस्तकाला पाय लावायचा नाही. लागलाच तर वाकून नमस्कार करायचा. मी वाचनालयाचं टेड विल्यम्सचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि चिनूचा पळपुटा पाय जिथे जाऊन पडत असे नेमकं तिथे, हिरवळीवर ठेवलं.

“मामा! बुक आहे ते!” चिनू हादरलाच.

“आहेच. मग तिकडे पाय टाकू नकोस.”

पहिल्या चेंडूला पाय पुस्तकाला लागला. चिनूनं बॅट टाकली, पुस्तकाला नमस्कार केला, पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या चेंडूलाही तेच. सहा चेंडूंत सहा नमस्कार झाले. मला वाटलं, हा खेळाडू होण्याऐवजी सत्पुरुषच होणार. सातव्या चेंडूला मात्र पाय उचलला गेला, हवेत घुटमळला, आणि सरळ माझ्या दिशेनं पडला. बॅट फिरली. स्पंजचा चेंडू माझ्या कपाळावर बसला. मला इतका आनंद यापूर्वी फक्त मुलीच्या जन्माच्या वेळी झाला होता.

ताई बाहेर येऊन ओरडली, “अरे, लायब्ररीचं पुस्तक आहे ते! काही लाज?” पण विल्यम्सच्या शास्त्राचा इतका तातडीचा उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

त्या पुस्तकाच्या निमित्तानं मी विल्यम्सचं चरित्रही चाळलं, आणि एका पानापाशी अडकलो. १९४१ सालची गोष्ट. मोसमाचा शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, गाव फिलाडेल्फिया. तोवर विल्यम्सनं ४४८ वेळा खेळून १७९ फटके मिळवले होते. मी कागदावर भागाकार केला: .३९९५५. नियमाप्रमाणे पूर्णांकात आणायचं तर .४००. चारशेचा आकडा म्हणजे त्यांच्याकडे एव्हरेस्ट. मॅनेजरनं सांगितलं, हवं तर आज बसून राहा, आकडा सुरक्षित आहे. दोन सामने होते त्या दिवशी. मी पुढचा हिशेब केला. पहिल्याच पाळीत हा बाद झाला असता, तर १७९ भागिले ४४९, म्हणजे .३९८६६. चारशे गेले. मी राउंड ऑफवर बावीस वर्षं जगलेला माणूस. पन्नास पैशांच्या वर असेल तर रुपया धरायचा, आणि जमलेल्या रुपयाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी त्याच्या जागी असतो तर त्या दिवशी मला ताप आला असता, आणि तो तापही खरा असता. विल्यम्स दोन्ही सामने खेळला. आठांत सहा फटके मारले. ४५६ पैकी १८५. मी तीनदा भागाकार केला. .४०६.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ताईला वाटलं, जेट लॅग.

शनिवारी चिनूचा सामना. सगळे आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले. मलाही एक मिळाली, पण मी उभाच राहिलो. चिनूची पाळी पाचव्या डावात आली. समोरचा पिचर अंगानं चिनूच्या दीडपट. इथे हिरवळीवर पुस्तक ठेवायची सोय नव्हती. पहिला चेंडू बाहेरून गेला. पाय सरळ पडला. दुसऱ्याला त्यानं बॅट फिरवली, हुकला. तिसरा बॅटीच्या काठाला लागून मागे जाळीवर गेला. सहा सामन्यांनंतरचा पहिला स्पर्श! मी टाळ्या वाजवल्या, एकटाच होतो. चौथा चेंडू खाली. पाचवा थेट आत, बरगडीच्या दिशेनं. ताईनं डोळे मिटले. चिनूनं पोट आत ओढलं, पण पाय... पाय तिथेच होता. चेंडू शर्टाला वारा घालून गेला.

आता शेवटचा चेंडू. चुकला तर बाद. पिचरचा हात वर गेला, चिनूनं पाऊल उचललं, पुढं ठेवलं, कंबर किंचित हलली, आणि हात मागच्या मागे थांबले. चेंडू गुडघ्याखालून गेला. अंपायरनं पहिल्या बेसकडे बोट केलं. चार चेंडू मर्यादेबाहेर पडले, की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. चालत गेलं तरी चालतं. चिनू पळत गेला.

संघ नऊ-चारनं हरला. परतताना गाडीत तो म्हणाला, “मामा, मी मारलं नाही.”

“पळालाही नाहीस,” मी म्हणालो.

“तिथे बुक आहे असं मी प्रिटेंड केलं.”

मला इतके दिवस न उमगलेली गोष्ट त्या शेवटच्या चेंडूनं उमगली होती. पाऊल टाकणं निराळं, फटका मारणं निराळं. पुस्तकांत दोन्ही दोष लिहिलेले आहेत. वजन मागेच ठेवलं तर मनुष्य माझ्यासारखा बसतो. वजनाबरोबर हातही पुढे गेले, तर पिचरनं मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूला तो आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. पाय पुढे आणि हात मागे, यातच सगळी गंमत आहे. पाऊल टाकलेला माणूस अजूनही ‘नाही’ म्हणू शकतो. मी मात्र जन्मभर समजत आलो, की पाऊल उचललं म्हणजे झालंच. उद्या आसाम, परवा बिऱ्हाड, तेरवा मुलीची शाळा बुडाली. म्हणून मी पाऊलच उचललं नाही. खरं तर आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. ती रोज गणपतीला चालत जाते. माझ्यापेक्षा भराभर.

रात्री अकरा वाजता मी सौ.ला फोन केला. सांगलीत सकाळचे साडेआठ झाले होते. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“मी पाऊल टाकतोय,” मी गंभीरपणे म्हणालो.

“कुठं? बघून टाका बाई. तिकडं दवाखाना महाग आहे म्हणतात.”

मग मी सर्क्युलरचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. कुकरची दुसरी शिट्टी झाली.

“अहो, भरा की,” ती म्हणाली. “नको वाटलं तर मागाहून नाही म्हणता येतं. गेल्या वेळी मी हेच म्हणत होते, तुम्ही ऐकलं का?”

म्हणजे जी गोष्ट समजायला मला विमानानं न्यू जर्सीला जावं लागलं, ती आमच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं पडून होती. मी ७ जूनला अर्ज ई-मेलनं शाखेत पाठवला. तारखेच्या तीन दिवस आधी! साहेबांना वाटलं, माझं खातं कुणी हॅक केलं.

आता परतून दोन महिने झाले. लेखी परीक्षा दिली, मुलाखतही झाली. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, “लांब टाकलं तर जाल का?” मी म्हटलं, “आधी चेंडू बघतो.” ते का हसले कळलं नाही, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. निकाल अजून लागायचा आहे. चिनूनं मोसमाच्या शेवटच्या सामन्यात एक फटका मारल्याचं ताईनं कळवलं. चेंडू फार लांब गेला नाही, पण गेला.

मी अजून खिडकी क्रमांक तीनच्या मागेच आहे. गर्दी नसली, की उभा राहून लाकडी रूळ दोन्ही हातांत धरतो, वजन मागच्या पायावर घेतो, डावं पाऊल हलकेच पुढे ठेवतो आणि उजवा चवडा गरकन फिरवतो. परवा आमचा शिपाई दारातून हे बराच वेळ बघत होता. मग काही न बोलता आत गेला आणि फवाऱ्याचा डबा घेऊन आला.

“सरका साहेब,” तो म्हणाला. “मी मारतो. मागच्या उन्हाळ्यापास्नं लई झुरळं झाल्यात.”